करंजवाडीच्या तीस बाभळी

आमच्या क्लासच्या पायरीवर भुजंगमामांची लोखंडी खुर्ची असायची आणि खुर्चीखाली काचेच्या ग्लासांची उतरंड. चहाचे पाच ग्लास, एकावर एक उपडे ठेवलेले. नवीन पोरं विचारायची, "मामा, हे काय?" मामा नुसतं बघायचे. मग मीच ओरडायची, "हात लावू नका रे! ते मामांचं यंत्र हाय." जमीन हलली की माणसाच्या आधी ग्लासांना कळतं, अन् ग्लास वाजले की मामांना कळतं. त्या आवाजाकडं त्यांचा एक कान कायम असायचा.

मी राजश्री. लातुरात बारावीच्या पोरांना बायो शिकवते. आवाज मोठा, तोंड फटकळ, राग नाकावर. एका हॉलमध्ये अडीचशे पोरं बसवून शिकवायचं म्हणजे मऊ आवाजाचं काम नाही. अहमदपूर, बिलोली, देगलूर, कुठून कुठून आईबाप लेकरांना इथं आणून सोडतात, डबे लावतात, अन् "मॅडम, याला डॉक्टर करा" म्हणून हात जोडतात. तेव्हा आमच्या गल्लीत दर चार-सहा महिन्यांनी एक नवीन इमारत उभी राहायची. आमचीही चार मजली. भुजंगमामा त्या इमारतीचे शिपाई, पण इमारतीच्या आत कधी पाऊल टाकायचे नाहीत. त्यांची हद्द पायरीपर्यंत. घंटासुद्धा त्यांच्यासाठी बाहेर टांगलेली. झोपायला समोरच्या मोकळ्या प्लॉटवर बाज, पावसाळ्यात वरून ताडपत्री. स्लॅबखाली एक रात्र काढली नाही.

"मामा, अहो निमोनिया होईल," मी म्हणायची.

"निमोनियानं मानूस हळू मरतंय, बाई," मामा म्हणायचे. "तेवढ्यात कुनाला हाक तरी मारता येती."

मामा भूकंपातले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्र्याण्णव साली गणपती बुडवून लोक झोपले अन् पहाटे किल्लारीकडची गावंच्या गावं खाली बसली, त्यातले. एवढं ठाऊक होतं अन् एवढंच. त्या पहाटे मी नांदेडला माहेरी होते. मांडणीवरची भांडी वाजली, आई म्हणाली, "मांजर असेल," अन् आम्ही कूस बदलून झोपलो. ही गोष्ट मी मामांना कधी सांगितली नाही. लाज वाटायची. तुमचं गाव कोणतं, घरात कोण कोण होतं, हेही कधी विचारलं नाही. बारा वर्षं त्यांच्या हातचा चहा पिले, पण विचारलं नाही.

भूकंपाला तेवीस वर्षं होत आली होती, त्या साली ऑगस्टात एक प्रकार झाला. दुपारची वेळ, चारही मजल्यांवर टेस्ट चालू, टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. शेजारच्या प्लॉटवर बोअर मारायची गाडी आली होती, हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. गाडीनं पहिला दणका दिला अन् मामांचे ग्लास वाजले. पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. बारा वर्षांत पायरी न ओलांडलेला तो माणूस जिना चढून वर आला. एकेक दार बडवत, "भायेर! भायेर पळा लेकरांनो! पेपर ऱ्हाऊ द्या!" असं ओरडत पार चौथ्या मजल्यापर्यंत गेला. सहाशे पोरं रस्त्यावर. मामा सगळ्यांच्या शेवटी उतरले अन् पायरीपाशी येऊन भडाभडा ओकले. हात धरला तर बर्फासारखा गार.

आमचे संचालक भडकले. टेस्ट बुडाली, आईबापांचे फोनवर फोन, गल्लीभर बोभाटा. "हा म्हातारा उद्यापासून नको," म्हणाले. मग मी तोंड उघडलं. म्हणलं, "सर, खरंच हललं असतं तर चौथ्या मजल्यावर कोण चढलं असतं? तुम्ही, का मी?" मामा राहिले. दुसऱ्या दिवशी मला चहा देताना एवढंच म्हणाले, "बाई, तुमचा शब्द मी कवा खाली पडू देनार न्हाई." पुढचा सगळा घोटाळा या एका वाक्यानं झाला.

आता वैष्णवीचं सांगते. ही माझी जुनी विद्यार्थिनी, औशाची, आईबाप दोघंही शाळेत शिक्षक. डॉक्टरकीला नंबर लागला नाही म्हणून वर्षभर रडली, अन् मग वनस्पतिशास्त्रात अशी रमली की नांदेडला राहून पीएचडी करायला लागली. विषय काय, तर बाभूळ! मी आधी हसले. म्हणलं, "अगं, दुनिया कुठं चाललीय अन् तू काटे वेचायला निघालीस?"

पण पोरीनं मला गप्प केलं. आपल्या बांधावरची ही बाभूळ, शेळ्या जिच्या शेंगा खातात, पिवळ्या गोंड्यांची, तिचं गोत म्हणे पार आफ्रिकेपर्यंत पसरलंय. नाईल नदीच्या काठापासून खाली दक्षिणेपर्यंत, अन् शास्त्रातलं नावसुद्धा नाईलवरूनच. बाहेरून सगळ्या बाभळी सारख्या दिसतात, पण एका मुलखातलं झाड दुसऱ्या मुलखातल्या झाडापेक्षा आतून वेगळं असतं. एकाच रानातली झाडंही आपसांत वेगळी. किती वेगळी, यावर त्या रानाचं आयुष्य ठरतं. सगळी एकाच आईची लेकरं असली, तर एक कीड किंवा एक दुष्काळ पुरतो, सगळं रान एका दमात साफ. वेगवेगळी असली तर काही जातात, काही टिकतात. आफ्रिकेतल्या झाडांचा असा अभ्यास झालाय. वैष्णवीला तो आपल्याकडे करायचा होता.

त्याची रीत साधी होती. एका ठिकाणची तीस झाडं घ्यायची. दोन झाडांत कमीत कमी पन्नास पावलं, म्हणजे माय-लेकरं शेजारी शेजारी घेतली जाऊ नयेत. प्रत्येकाची मूठभर कोवळी पानं कागदी पाकिटात, सोबत ओल शोषणारे दाणे, पाकिटावर नंबर. बिलोलीची तीस झाली, अहमदपूरची तीस झाली. राहिलं एकच ठिकाण अन् तेच सगळ्यात मोलाचं, करंजवाडीचं जुनं गावठाण. भूकंपात ते गाव पडलं, माणसं तीन किलोमीटरवर नव्या गावात गेली अन् जुन्या जागी बाभळीचं बन माजलं. तिथं कुणी रोप लावलं नाही, कुणी कुऱ्हाड घातली नाही. आपोआप आलेलं रान असं दुसरीकडं कुठं मिळणार?

नेमकी तेव्हाच पोरीला कावीळ झाली. डॉक्टरनं महिनाभर उठू दिलं नाही. तिचे गाइड मार्तंड सर घाई करत होते. मी फोनवर म्हणलं, "काळजी कशाला करतीस? आमचे भुजंगमामा हाईत की. त्याच पट्ट्यातले हाईत." उंटावरून शेळ्या हाकायची मला जन्माची सवय.

मामा तेव्हा ग्लास धूत होते. मी विचारलं, "मामा, करंजवाडीचं जुनं गावठाण म्हाइतीय का?"

त्यांचा हात थांबला. नळ तसाच वाहत राहिला.

"हाव," मामा म्हणाले.

मी सगळं समजावलं. तीस झाडं, पन्नास पावलं, मूठभर पानं, नंबर. मामांनी एकच विचारलं, "आत जावं लागंल का?"

"मग काय वेशीतून आणता? आत जाऊनच की!" मी हसून म्हणलं.

"बरं, बाई," मामा म्हणाले अन् नळ बंद केला.

रविवारी गेले, सोमवारी पाकिटं आणून दिली. तीसच्या तीस, नीट चिकटवलेली, नंबर घातलेली. मी "वा मामा!" म्हणलं, तर त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, लाजले. त्यानंतर मात्र माणूस बदलला. जेवण तुटलं. दोन दिवसांआड विचारायचे, "बाई, त्या पानाचं काय झालं?" मी म्हणायची, "होईल हो, मशीनमधून जायचंय अजून." "मशीन काय बघती?" "झाड कोणाचं कोण, ते सगळं बघती." त्यावर मामा माझ्याकडं असे बघायचे, जसं पोरगं निकालाच्या दिवशी बघतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मला बाईला कशाला कळतंय!

दीड महिन्यानं वैष्णवीचा फोन आला. रडून रडून आवाज बसलेला.

"मॅडम, करंजवाडीची तीसही झाडं एकच आहेत."

"म्हणजे काय गं?"

"एकच झाड. मशीनमध्ये बिलोलीच्या प्रत्येक झाडाच्या डीएनएच्या रेघा वेगळ्या आल्या, अहमदपूरच्या वेगळ्या. करंजवाडीच्या तीस पाकिटांच्या रेघा हुबेहूब सारख्या. बीपासून उगवलेल्या झाडांत असं होऊच शकत नाही. सर म्हणतात, तूच होस्टेलमागच्या झाडाची पानं भरलीस. पंधरा दिवसांत खरी तीस झाडं आणली नाहीत, तर ते वर लिहून देणार की मुलीनं खोटं काम केलं. मॅडम, मग मला कुणी दारात उभं करणार नाही."

सगळं माझ्या शब्दावर झालं होतं. अन् मला भीती वाटली की तिचं हमखास रागात रूपांतर होतं. तशीच खाली उतरले. मधली सुट्टी होती, पायरीवर पोरं उभी होती.

"मामा, पानं किती झाडांची होती?"

"पाकिटं तीस व्हती, बाई."

"मी पाकिटं विचारली नाहीत!"

मामांनी किटली खाली ठेवली. "बाभूळ ती बाभूळ, बाई," ते हळू म्हणाले. "मला काय ठावं, पानाला बी थोबाड असतंय म्हनून."

मी काय काय बोलले ते इथं लिहवत नाही. लबाड म्हणलं. पोरांच्या देखत म्हणलं. तुमच्यापायी एका पोरीच्या आयुष्याचं वाटोळं झालं, म्हणलं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी. बाज रिकामी. ग्लासांची उतरंड मात्र जागेवर होती, तशीच्या तशी. हा माणूस संडासला जाताना कुणाला तरी ग्लासांजवळ बसवून जायचा. तो आपलं यंत्र टाकून गेला, म्हणजे त्याला आता कशाची राखण करायची राहिली नव्हती. तिसऱ्या दिवशीही पत्ता नाही. फोन बंद. माझ्या डोक्यात विहिरी यायला लागल्या, रेल्वेचे रूळ यायला लागले. वर्गात एका पोरानं बाक वाजवला तर मी दचकून खडू टाकला. शेवटी ऑफिसात जाऊन मामांचा जुना अर्ज काढायला लावला, पत्ता तरी बघू म्हणून.

मु. पो. करंजवाडी, ता. औसा.

ज्या गावात या माणसाचं सगळं गाडलं गेलं, त्याच गावात मी त्याला पानं तोडायला पाठवलं होतं. अन् वर हसून म्हणाले होते, वेशीतून आणता काय!

घरी आलेल्या वैष्णवीला औशाहून घेतलं अन् जीपनं करंजवाडी गाठली. पोरगी अजून पिवळी दिसत होती. नवं गाव म्हणजे सरळ रस्ते, सरकारनं बांधलेली एकसारखी घरं. मामांच्या घराला गंजकं कुलूप. शेजारी तुळजाबाई नावाची म्हातारी ज्वारी निवडत बसली होती. मी तिला मामांचं विचारलं.

"हाय की जित्ता," तुळजाबाई म्हणाली. "तीन दिस झाले, सकाळी उठून जुन्या गावाकडं जातंय. वेशीपोतर. आत न्हाई जात. तेवीस सालात कवाच न्हाई गेलं. त्याला नका बोलू काई, बाय."

जुन्या गावाची वेस म्हणजे आता दोन दगड अन् एक जुनी बाभूळ. तिच्या बुडाशी मामा बसले होते. मांडीवर कोऱ्या पाकिटांचा गठ्ठा, नवीन विकत घेतलेला. मागं सगळं बन. काळी खोडं, मध्ये दगडांचे ढीग, अन् दुपारी बारालाही आतला उजेड मळकट.

"आलात व्हय, बाई," मामा म्हणाले. "ह्याच बाभळीची व्हती ती तीसही. आत पाय उचलना झाला. आता बी उचलंना. तीन दिस झाले बघायलोय."

मी त्यांच्या शेजारी धुळीत बसले. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात केला.

"गनपती बुडवून यायला लई उशीर झाला त्या रोजी," ते सांगायला लागले. "अंबिकेनं आतून कडी घातली व्हती. माजी बायको. रागावली व्हती. म्या म्हनलं, कशाला हाका मारायच्या, लेकरू झोपलंय. अंगनातल्या बाभळीखाली शेळ्यांजवळ आडवा झालो. मग जमीन गुरगुरली. घर पडताना दिसलं बी न्हाई, निस्ती धूळ. अंबिका तवाच गेली आसल. पर लेकरू आतून बोलत व्हतं. सगुणा. सहा सालाची. मला दादाच म्हनायची. 'दादा, दार काढ.' दोन दोन हात जाड भिंती, बाई, वर माळवदाची माती. दोनी हातानं दगडं काढत व्हतो. दिवसभर बोलली. मदी मदी पानी मागायची. सांजच्याला गप झाली. मिल्ट्रीवाले आले तिसऱ्या दिशी."

वैष्णवी तोंडाला ओढणी लावून उभी होती.

"मला सापाचं भ्या न्हाई, भुताचं न्हाई," मामा म्हणाले. "आत गेलो की ती बोलंल, ह्याचं भ्या हाय. दादा, दार काढ, म्हनंल. अन् माज्यानं आता बी निघायचं न्हाई."

"मामा, चला परत," मी म्हणलं. "नको ती पानं. मीच जाऊन सरांच्या पाया पडते." वैष्णवीही म्हणाली, "राहू द्या, मामा. मी दुसरं काहीतरी करेन." पण तिचा आवाज असा चिरका निघाला की मामांनी तिच्याकडं नीट बघितलं. कदाचित पहिल्यांदाच.

"पोरी, तीसच कशाला लागत्यात?" त्यांनी विचारलं.

वैष्णवीनं सांगितलं. सगळी सारखी असली तर एकाच वेळी सगळी मरतात, म्हणून वेगळी किती ते मोजायचं. मामा ऐकत राहिले. मग म्हणाले, "आमची घरं बी समदी सारखी व्हती. दगड अन् माती. म्हनून तर." खोडाला धरून उठले, पाकिटं तिच्या हातात दिली, अन् ऑगस्टात जिना चढले होते तसे, मान खाली घालून, त्या दोन दगडांमधून आत शिरले.

खरं सांगते, आत गेल्यावर सगळ्यात जास्त मी भ्याले. काटे साडीला धरत होते. पायाखाली पालापाचोळा, त्याखाली काय ते दिसेना. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. दहा पावलांवर माझा पाय भसकन आत गेला, मी किंचाळले.

"हलू नका," मामा म्हणाले. त्यांनी माझं मनगट धरून बाहेर ओढलं. "हितं चंद्रप्पाचं पेव हाय, जवारीचं. दोन पुरुष खोल. माज्या पावलावर पाऊल टाका."

त्यांच्या अंगाला कापरं सुटलं होतं, मनगटातून मला कळत होतं. पण वाट चुकत नव्हती. आम्हाला दगडांचे ढीग दिसत होते, त्यांना गाव दिसत होतं. वैष्णवी पावलं मोजायला लागली तर म्हणाले, "पावलं कशाला? एक आळी सोडून दुसरी धरू." प्रत्येक झाडापाशी थांबायचे, पानं तोडायचे अन् पाकीट देताना सांगायचे. ही चंद्रप्पाच्या दारातली. ही साखराबाईच्या परसातली, तिचे दोन नातू हितंच ऱ्हायले. ही नरसिंगाच्या गोठ्यातली, शेळ्यांनी शेंगा खाल्ल्या, लेंड्यांतून बी पडलं. एका झाडापाशी खालून काहीतरी सरकलं अन् आम्ही तिघंही दगड झालो. घोरपड होती. मामांच्या कपाळावरून घाम टपकत होता, ऐन डिसेंबरात. वैष्णवी नंबराखाली बारीक अक्षरात घराचं नाव लिहीत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एकोणतीस झाली तेव्हा उन्हं कलली होती. मामा एका मोकळ्या जागेच्या कडेला थांबले. समोर खचलेला ढीग अन् त्याच्या पुढ्यात एक जाडजूड बाभूळ, बनातली सगळ्यात जुनी. काही विचारायची गरज नव्हती.

"मी तोडते," मी म्हणलं. "तुम्ही इथंच थांबा."

"न्हाई, बाई. हिला तुमी हात नका लावू."

त्यांनी चपला काढल्या. काट्यातून अनवाणी ढिगाजवळ गेले. उंबऱ्याचा दगड तेवढा वर दिसत होता, त्याच्यापाशी उकिडवे बसले. शास्त्र शिकवणारी बाई मी, अडीचशे पोरांना सांगते की पुरावा दाखवा. पण देवाशपथ सांगते, त्या वेळी माझी खात्री झाली होती की आतून आवाज येणार. वैष्णवीनं माझा दंड इतका घट्ट धरला की चार दिवस वळ होता.

"सगुणा," मामांनी हाक मारली. "बाय, दादा आलाय."

आम्ही ऐकत राहिलो. मामा दगडाला कान लावून ऐकत राहिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. एक पान पडलं नाही.

मामांनी मान वर केली. चेहऱ्यावर सुटल्याची खूण शोधली मी. ती नव्हती.

"बाई," ते म्हणाले, "ती बोलंना की हो." अन् उंबऱ्यावर डोकं ठेवून ते असे रडले की मला उभं राहवेना. तेवीस वर्षं ज्या आवाजाला भ्याले, तो आता नव्हताच. एवढी वर्षं निदान तो तिथं आहे असं त्यांना वाटत होतं.

बऱ्याच वेळानं उठले. बाभळीची मूठभर पानं तोडली, स्वतः पाकिटात भरली, चिकटवली. वैष्णवीनं त्यावर तीस लिहिलं. खाली नाव लिहिताना तिचं पेन चालेना, मग मीच लिहिलं.

महिनाभरात निकाल आला. तीसच्या तीस वेगळी, एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. मार्तंड सरांनी वैष्णवीला बोलावून घेतलं, चूक झाली म्हणाले, अन् विचारलं, "नंबराखाली ही नावं कुणाची?" मी ती बातमी सांगायला पायरीवर धावत गेले. मामा परत आले होते, खुर्ची तीच, खाली ग्लास तेच, बाज अजून उघड्यावरच.

"बरं झालं, पोरीचं निभावलं," मामा म्हणाले. मग किटलीकडं बघत, "बाई, येत्या ऐतवारी सुट्टी पायजे व्हती. गावाकडं जातो."

"करंजवाडीला? आता कशाला, मामा?" मी विचारलं. "ती पानं झाली की आपली."

"पानाला न्हाई," मामा म्हणाले. "एकडाव बोलली न्हाई म्हनून काय झालं. तेवीस सालानं गेलो, बाई. लेकरू रुसलं आसल."